आदल्या रात्रीचा मंडप : झाडीपट्टीतील नाट्य मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि सर्व सदस्य,
गावोगावची नाट्य मंडळे,
जिल्हा गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा

सप्रेम नमस्कार.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, धानाच्या बांधावर वाढलेला माणूस आहे आणि चित्रपट करतो. आजवर एकच पूर्ण केला आहे, दुसरा लिहून तयार आहे. त्या दुसऱ्या चित्रपटासाठी आपल्याकडे नाटकाच्या आदल्या रात्रीचा मंडप आणि त्याचा इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, मागावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. वैयक्तिक पत्रे पाठवण्याऐवजी ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, माझ्यासारखी कॅमेरा हाती घेतलेली मुले आता साकोलीत, ब्रम्हपुरीत, कुरखेड्यात, सिंदेवाहीत दिसू लागली आहेत आणि माझी मागणी त्यांच्याही उपयोगाची आहे.

माझे वडील आमच्या गावच्या मंडळाचे अकरा वर्षे कोषाध्यक्ष होते. पावसाळा ओसरू लागला की मंडळाची बैठक बसायची, वर्गणीचा आकडा ठरायचा आणि मग तीन-चार माणसे वडशाला (देसाईगंजला) जाऊन नाटक कंपन्यांच्या कार्यालयांचे उंबरठे झिजवायची. कोणते नाटक, कोणते कलावंत, गाण्याला कोण, तारीख कोणती, शंकरपट (बैलांची शर्यत) त्याच दिवशी ठेवायचा की दुसऱ्या, हे सगळे बोलून झाले की इसार दिला जायचा आणि करारावर सह्या व्हायच्या. नाटक अजून कोणी पाहिलेले नसायचे. पुष्कळदा त्याच्या तालमीही सुरू झालेल्या नसायच्या. तरीही दिवाळीनंतरच्या एका थंड रात्रीसाठी गावाने पैसे मोजलेले असायचे, आणि त्याच पैशावर कंपनी पडदे रंगवायची, कलावंतांना उचल द्यायची, गाडी ठरवायची. नाटक झाल्यावर हिशेब लागायचा आणि उरलेली रक्कम शाळेच्या कुंपणाला, मंदिराच्या सभामंडपाला किंवा पुढच्या वर्षीच्या इसाराला जायची. वडिलांची ती लाल कापडी बांधणीची वही माझ्याकडे आहे. तीत तोट्याची वर्षेही लिहिलेली आहेत. तोटा आला त्या वर्षी मंडळातल्या माणसांनी खिशातून भरले आणि पुढच्या वर्षी पुन्हा नाटक आणले.

ही व्यवस्था किती दुर्मीळ आहे, हे मला बाहेर गेल्यावर कळले. कलाकृती तयार होण्याआधी तिचा प्रेक्षक ठरलेला आहे, त्याने आगाऊ रक्कम दिलेली आहे, आणि प्रयोगाचा नफा त्या प्रेक्षकाच्याच गावात राहतो आहे, अशी सोय मराठी चित्रपटाला कोठेही नाही. २०२३ मध्ये गडचिरोलीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टीच्या कलावंतांविषयी लिहिले आणि ते योग्यच झाले. या रंगभूमीचा आर्थिक कणा असलेल्या आपल्या मंडळांविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

माझा पहिला चित्रपट कसा झाला ते सांगतो, कारण माझी मागणी त्याच अनुभवातून आलेली आहे. बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाण्यावरून दोन भावांत पडलेल्या फुटीची ती गोष्ट होती. एकूण खर्च साधारण एकोणीस लाख रुपये झाला. त्यातले सात लाख मी शेतीवर उचलले, आठ लाख चार मित्रांनी मिळून दिले, आणि उरलेले संकलन, ध्वनी आणि रंगसुधारणेचे पैसे फेडायला मला अडीच वर्षे लागली. चित्रीकरण चोवीस दिवसांत आटोपले; गावाने घरे उघडी ठेवली, जेवणाचा खर्च निम्मा गावानेच उचलला. अडचणी चित्रीकरणानंतर सुरू झाल्या.

त्यांपैकी एक अडचण आपल्याला ऐकून नवल वाटेल. आमच्या चित्रपटात नांगर ओढणारी बैलजोडी होती. जनावर पडद्यावर दिसणार असेल, तर भारतीय पशू कल्याण मंडळाची चित्रीकरणाआधी परवानगी आणि चित्रीकरणानंतर ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि या मंडळाचे कार्यालय हरियाणात बल्लभगड येथे आहे. नियमामागचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ज्या गोष्टीत शेत आहे त्या गोष्टीत बैल असणारच, आणि हे कागद नसतील तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळत नाही, ही माहिती इकडे कोणालाच नव्हती. आम्ही परवानगी उशिरा मागितली, दोन दृश्ये पुन्हा चित्रित करावी लागली आणि तोवर धान कापून झाले होते. ती दृश्ये आजही पाहताना बांधीचा रंग बदललेला मला दिसतो.

त्यानंतर शासनाच्या अनुदानाचा विचार केला. दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी महाराष्ट्र शासनाची अर्थसाहाय्य योजना आहे. परीक्षण समितीने ‘अ’ दर्जा दिल्यास ४० लाख आणि ‘ब’ दर्जा दिल्यास ३० लाख रुपये, असे तिचे स्वरूप राहिले आहे. या योजनेने अनेक चांगल्या निर्मात्यांना हात दिला आहे. परंतु ती चित्रपट पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर लागू होते. ज्याच्याकडे चित्रपट पूर्ण करण्याइतके पैसे आहेत, त्याला त्यातले काही परत मिळण्याची ती वाट आहे. ज्याच्याकडे सुरुवातीचेच पैसे नाहीत, त्याला तिचा आधार धरता येत नाही. शेतकऱ्याला पीक घरी आल्यावर बियाण्याचे पैसे मिळावेत, तसा हा प्रकार आहे. याविषयी ही योजना राबवणाऱ्या महामंडळाकडे मी स्वतंत्र निवेदन दिले आहे, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

खरी वाट अडली ती प्रदर्शनाच्या टप्प्यावर. चित्रपट व्यवसायात देशाचे वितरणाचे जुने विभाग आहेत आणि त्यांत विदर्भ आजही ‘सी. पी. बेरार’ (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) विभागात मोडतो. १९५६ साली आपण मध्य प्रदेशातून निघालो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, पण चित्रपटाच्या धंद्यात आपली गणना जबलपूर आणि छत्तीसगडच्या बरोबरच होत राहिली. या विभागाचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या अमरावतीतून चालत आला आणि तो मुख्यतः हिंदी चित्रपटांवर उभा राहिला. मुंबई-पुण्याचा मराठी वितरक त्याच्या ओळखीच्या विभागापलीकडे सहसा पाहत नाही. त्यामुळे विदर्भात घडणारा, विदर्भाच्या बोलीतला चित्रपट पुण्यात लागू शकतो आणि गोंदियात लागत नाही, अशी उलटी स्थिती निर्माण झाली आहे.

मला एका मोठ्या शहरातील वितरकाने सल्ला दिला होता की, झाडीबोली काढून चित्रपट प्रमाण मराठीत डब करावा, म्हणजे निदान दहा पडदे मिळतील. मी ते केले नाही. शेवटी नागपुरात एका मल्टिप्लेक्समध्ये सकाळचा एक खेळ मिळाला. डिजिटल प्रक्षेपणासाठी निर्मात्याने दर पडद्यासाठी जे शुल्क भरायचे असते ते मी भरले, फलक छापले, आणि आठवडा संपायच्या आत खेळ काढून टाकण्यात आला. माझ्या गावातून तेथे पोचायला पहाटेची गाडी धरावी लागते. ज्यांच्यावर चित्रपट केला, त्यांच्यापैकी तिघांनी तो तेथे पाहिला. मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम मिळावा, असा आग्रह शासनाने २०१५ मध्ये धरला आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. पण ज्या तालुक्यात मल्टिप्लेक्सच काय, एकपडदा टॉकीजही उरलेली नाही, तेथे संध्याकाळचा खेळ कोणाला द्यायचा?

मग एका मामेभावाच्या गावी, मंडईच्या (दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेच्या) दुसऱ्या दिवशी, जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात आम्ही तो दाखवला. भाड्याचा प्रोजेक्टर, दोन बांबूंमध्ये ताणलेले सोळा फुटी पांढरे कापड आणि नाटकवाल्यांचेच स्पीकर, एवढीच सामग्री होती. साधारण चारशे माणसे जमिनीवर ताडपत्री टाकून, अंगावर चादरी घेऊन बसली. नागपूरच्या पडद्यावर जे संवाद शांततेत निघून गेले होते, त्यांवर इथे लोक मोठ्याने हसले, आणि धाकटा भाऊ बोडीची पाळ फोडतो तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारा उठून ओरडला, “अरे, थांब!” तिकीट नव्हते. शेवटी एक स्टीलचा डबा फिरवला, त्यात अकरा हजार दोनशे रुपये जमले. तो डबा मोजत असताना वडिलांची वही मला पहिल्यांदा आठवली.

आता मागणी.

नाटकाचा मंडप बहुतेक गावांत आदल्या दिवशीच उभा राहतो. कनाती लागलेल्या असतात, खुर्च्या आलेल्या असतात, जनरेटर येऊन थांबलेला असतो आणि या सगळ्याचे भाडे तसेही द्यायचेच असते. लेकी-जावई, सोयरे-धायरे त्याच संध्याकाळपासून गावात येऊ लागतात. एकेका घरात वीस-वीस पाने वाढली जातात. आणि ती रात्र रिकामी जाते. ही आदली रात्र आपण चित्रपटाला द्यावी, अशी माझी विनंती आहे. नाटकाची रात्र मी मागत नाही आणि कधी मागणारही नाही. संध्याकाळी सातला सुरू होऊन नऊ-सव्वानऊला संपणारा, झाडीबोलीतला, दोन तासांच्या आतला चित्रपट. दुसऱ्या दिवशी शंकरपट आणि रात्री नाटक.

त्यासाठीची रक्कमही स्पष्ट लिहितो. एका रात्रीचा करार तीस हजार रुपयांचा असावा आणि त्यातील दहा हजार रुपये चित्रीकरणाआधी इसार म्हणून मिळावेत. तिकीट साठ रुपये ठेवले तर पाचशे तिकिटांत मंडळाची रक्कम वसूल होते आणि त्यापुढचे सगळे मंडळाचे. तिकिटे कमी खपली तर उरलेल्या वीस हजारांपैकी जेवढे गल्ल्यातून निघतील तेवढेच आम्ही घेऊ. तोटा मंडळाच्या खिशातून भरून घेणार नाही. प्रोजेक्टर, पडदा, यंत्रचालक आणि गाडीचा खर्च आमचा, तो एका रात्रीला सहा हजारांच्या आसपास येतो. अशी चाळीस गावे झाली तर चित्रीकरणाआधी चार लाख आणि प्रदर्शनाअंती, प्रवास वजा जाता, साडेनऊ लाखांच्या घरात रक्कम उभी राहते. नव्या चित्रपटाचा अंदाज चौदा लाखांचा आहे. उरलेले पैसे मी आणि माझे सहकारी उभे करू, आणि हातात चाळीस गावांचे करार असतील तर ते उभे करणे मागच्या वेळेइतके कठीण जाणार नाही.

आपल्या भागात दामदुप्पट योजनांनी किती घरे बुडवली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून हेही लिहून ठेवतो की, मी ठेव मागत नाही, व्याजाचे किंवा भागीदारीचे आश्वासन देत नाही. हा एका प्रयोगाचा इसार आहे, जसा आपण वडशाला देता तसाच. ती रक्कम वेगळ्या बँक खात्यात राहील, त्यावर माझ्या सहीबरोबर मंडळांनी निवडलेल्या दोन कोषाध्यक्षांच्या सह्या लागतील, आणि ठरलेल्या हंगामापर्यंत सेन्सॉर प्रमाणपत्रासह चित्रपट तयार झाला नाही तर प्रत्येक मंडळाचा इसार पूर्ण परत केला जाईल. प्रमाणपत्राचा उल्लेख मुद्दाम केला. गावच्या मंडपात दाखवायचा असला तरी सार्वजनिक प्रदर्शनाला ते लागतेच. आणि तात्पुरत्या प्रदर्शनासाठी प्रशासनाकडून जी परवानगी घ्यावी लागते, तिचे अर्ज भरण्याचे काम आमच्याकडे राहील.

मोबाइलवर फुकट मिणमिणणारी गोष्ट सोडून साठ रुपये कोण देईल, असे मला दोन मंडळांच्या सदस्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर आपल्याच अनुभवात आहे: नाटकांच्या चित्रफिती मोबाइलवर कितीतरी आहेत, म्हणून आपल्या मंडपातली गर्दी आटलेली नाही. माणसे एकत्र बसण्यासाठी येतात, आणि आपल्या गावात, आपल्या बोलीत, ओळखीच्या कलावंताचा चेहरा सोळा फुटांवर पाहण्याचा अनुभव मोबाइल देत नाही. आम्हीही हंगाम संपेपर्यंत चित्रपट इंटरनेटवर टाकणार नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि तो कंपनीतल्या कलावंतांनी विचारला: चित्रपट आला तर नाटकाचे काय होईल? आपल्या कलावंतांचे काम दिवाळीपासून होळीपर्यंत चालते. त्यानंतर त्यांतले बरेच जण मजुरीला लागतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला जातात, पाऊस पडला की रोवणीला. होळी ते तेंदूपत्ता या मधल्या पाच-सहा आठवड्यांत त्यांच्या हाताला काम नसते, आणि नेमके तेव्हाच मला चित्रीकरण करायचे आहे, पहाटे साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात, कारण दुपारी ऊन उभे राहू देत नाही. नव्या चित्रपटातल्या सोळा भूमिकांपैकी तेरा झाडीपट्टीच्या नटनट्यांसाठी लिहिलेल्या आहेत. त्यांचे मानधन इसारातून, चित्रीकरणाच्या वेळीच दिले जाईल. मागच्या वेळी मी कलावंतांना ‘चित्रपट चालला की देतो’ असे म्हणालो होतो आणि दोघांचे पैसे द्यायला मला चौदा महिने लागले. त्याची लाज मला आजही वाटते आणि तसे पुन्हा होऊ देणार नाही.

गावाच्या पैशावर चित्रपट होतो का, अशी शंका कोणाला असेल तर दोन उदाहरणे सांगतो. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. तो प्रदर्शित झाल्यावर तेच शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला आले, आणि २०२४ मध्ये त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. दुसरे उदाहरण केरळचे. दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ या गटाने १९८० च्या दशकात गावोगाव प्रोजेक्टर नेऊन चित्रपट दाखवले, लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा केले आणि त्यातून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ पूर्ण केला. गुजरातेत पाठीशी दूध संघांची यंत्रणा होती, केरळात फिल्म सोसायट्यांची चळवळ होती. आपल्याकडे मंडळे आहेत, आणि दर हंगामाला करार करण्याचा, तिकिटे विकण्याचा, मंडप उभारण्याचा, हिशेब चोख ठेवण्याचा जो सराव आपल्याला आहे, तो त्या दोन्ही ठिकाणी नव्याने शिकावा लागला होता.

रामटेकला चित्रनगरी उभारण्याची घोषणा झाली आहे आणि ती झाल्यास मला आनंदच होईल. तिथे स्टुडिओ येतील, बाहेरून मोठी युनिट येतील, आपल्या मुलांना रोजगारही मिळेल. पण लाखांदूरच्या किंवा आरमोरीच्या मुलाने आपल्या गावाची गोष्ट चित्रित केली, तर ती पाहणारी माणसे चित्रनगरीत मिळणार नाहीत. ती आपल्या मंडपात आहेत.

काही अडचणी मला अजून नीट सोडवता आलेल्या नाहीत, त्याही सांगायला हव्यात. पौष-माघात रात्री आठनंतर दव पडते आणि पडद्याचे कापड ओले होऊन सैल पडते. शाळेच्या पटांगणात शेवटची वीस मिनिटे चित्र लहरत होते. मंडपाच्या छताखाली पडदा आत घेतला तर हे टळेल असे वाटते, पण मग मागच्या रांगांना खांब आडवे येतात. आपल्यापैकी ज्यांनी वर्षानुवर्षे मंडप बांधून घेतले आहेत, त्यांचा सल्ला मला हवा आहे. दुसरे, ज्या गावांत गोंडी बोलणारी वस्ती मोठी आहे तेथे केवळ झाडीबोली पुरेल का, की गोंडीत ध्वनी द्यावा लागेल, हे त्या गावांनीच सांगावे. आणि तिकिटांत बायकांसाठी वेगळी बसण्याची जागा राखायची तर ती पुढे की बाजूला, हेही प्रत्येक गावाने ठरवावे. मागच्या वेळी बायका सर्वांत शेवटी बसल्या आणि त्यांना अर्धे ऐकू आले नाही.

यंदा पोळा झाल्यावर आपण नाटके ठरवायला वडशाला याल, तेव्हा मीही तेथे असेन. न पाहता इसार द्या असे मी म्हणणार नाही, कारण माझी अजून तेवढी पत नाही. पहिला चित्रपट सोबत आणतो आहे. ज्या मंडळाला तो पाहायचा असेल, त्याने आपल्या गावी एक संध्याकाळ सांगावी, कोणतेही शुल्क न घेता मी तो घेऊन येईन. प्रोजेक्टर, पडदा आणि स्पीकर माझे. आपण फक्त विजेची जोडणी आणि बसायला अंगण द्यावे, आणि चित्रपट संपल्यावर मंडळाची बैठक तिथेच, माझ्यासमोर घ्यावी.

आपला नम्र,
झाडीतला एक चित्रपट दिग्दर्शक
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया